सॉफ्ट पेस्टल घ्यायचेत? आधी कागदाचं बघा

कोणता बॉक्स घेऊ असं कोणी विचारलं की मी उलटं विचारतो, कागद कोणता आहे तुमच्याकडे? बहुतेक जण म्हणतात, ड्रॉइंग शीट आहे नं घरी. तिथेच सगळी गडबड आहे. सॉफ्ट पेस्टल म्हणजे रंगाची पूड, थोडा खडू आणि धरून ठेवायला नावापुरता डिंक. ती पूड कागदाच्या खाचांत अडकते म्हणून चित्र टिकतं, आणि गुळगुळीत कार्ट्रिज शीटला, म्हणजे त्याच ड्रॉइंग शीटला, खाचाच नसतात, मग दोन थर दिले की तिसरा नुसता घसरतो आणि माणूस म्हणतो माझा हातच चांगला नाही. हात चांगलाच असतो हो, कागद चुकलेला असतो. म्हणून बजेट कमी असेल तर साध्या स्टिक्स आणि चांगला कागद घ्या, उलटं करू नका.

त्याच्याही आधी एक गोष्ट, दुकानात नीट बघून घ्या. आमच्या नागपुरात सीताबर्डीवर स्टेशनरीच्या दुकानात नुसतं पेस्टल म्हटलं की समोर ऑइल पेस्टल येतात, शाळेतल्या पोरांचे. माझा पहिला बॉक्स तसाच आला होता, घरी येऊन बोटाने ब्लेंड करत बसलो तर मेण घासल्यासारखं चिकट, आणि मी आठवडाभर समजत होतो की पेस्टल असंच असतं. ओळखायचं सोपं आहे, हाताच्या मागच्या बाजूला एक रेघ मारा आणि बोटाने घासा, पावडरसारखी पसरली तर सॉफ्ट, चिकटून बसली तर ऑइल.

आता कागद. सगळ्यात सहज मिळतो तो कॅन्सनचा मि-टाँत, 160 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, जास्त तितका जाड), रंगीत. याला दोन बाजू असतात, एका बाजूला मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी आणि दुसरी बाजू बारीक. लोक जाळीवाल्या बाजूवर चेहरा काढतात आणि मग गालावर भोकं भोकं दिसतात म्हणून रडतात. कागद उलटा करा, झालं. पण संत्रं काढायचं असेल तर हीच जाळी सोनं आहे बाप्पा! स्टिक आडवी धरून हलक्या हाताने फिरवली की सालीवरचे बारीक खड्डे आपोआप उमटतात, काही करावं लागत नाही. एक मात्र, हा कागद फार थर घेत नाही, चार-पाचनंतर थकतो.

जास्त थर हवे असतील तर सँडेड कागद, म्हणजे पॉलिश पेपरसारखा खरखरीत. युआर्ट कंपनीच्या कागदात 240 पासून 800 पर्यंत नंबर असतात, नंबर लहान तितका कागद खरखरीत. खरखरीत कागद रंग खूप खातो आणि बोटाची कातडीपण सोलतो, त्यामुळे सुरुवातीला 400 किंवा 500 बरा. क्लेअरफाँतेनचा पेस्टलमॅट 360 जीएसएमचा, हाताला मखमली लागतो पण रंग घट्ट धरतो, पोर्ट्रेटला आणि बारीक कामाला मला तोच आवडतो. दोन्ही महाग आहेत. म्हणून सरावाला हार्डवेअरच्या दुकानातला 400 नंबरचा वॉटर पेपर (घासायचा पॉलिश पेपर) आणा, काळपट असतो, त्यावर रात्रीचा फुटाळा तलाव काय सुंदर येतो! विकायच्या चित्राला मात्र नको, तो कागद टिकायला बनवलेलाच नसतो.

अजून एक जुगाड. पांढरी रांगोळी मलमलच्या कपड्यातून दोनदा गाळायची, अ‍ॅक्रेलिक जेसोत (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तरात) थोडी थोडी मिसळायची आणि एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या बोर्डाच्या) तुकड्यावर रुंद ब्रशने एकदा उभा, वाळला की एकदा आडवा हात मारायचा. कागदावर लावलं तर कागद पापडासारखा वाकडा होतो म्हणून बोर्डच घ्या. मी पहिल्या वेळी न गाळता टाकली होती, तर बोर्ड खवल्या माशासारखा झाला.

कागदाचं झालं, आता रंग. सुरुवातीला कॅमलिन किंवा कोरियाचा मुंग्यो, त्यातला हाफ स्टिकचा सेट घ्या, अर्ध्या लांबीच्या कांड्या असतात त्यामुळे तेवढ्याच पैशात शेड जास्त मिळतात. नाहीतरी पूर्ण कांडी आपण तोडूनच वापरतो. नवीन कांडी तोडायला जिवावर येतं, माहीत आहे, पण तोडा, आडवी बाजू वापरल्याशिवाय पेस्टलची मजाच नाही. सेटमध्ये मधल्या रंगांची भरमार असते, गडद रंग मोजून दोन-चार, तेही काळा आणि चॉकलेटी. म्हणून वरचे पैसे असतील तर दुसरा मोठा सेट नका घेऊ, सुट्या कांड्या घ्या, गडद जांभळा, गडद हिरवा, खोल निळा आणि एकदम फिका पिवळा. हॉलंडचा रेम्ब्रांट मध्यम मऊ आहे, फ्रान्सचा सेनेलिए आणि जर्मनीचा श्मिंके तर लोण्यासारखे. हे मऊवाले शेवटच्या थरासाठी ठेवायचे. कडक आधी, मऊ नंतर, कारण आधीच मऊ फासला की खाचा भरून जातात आणि वरून कडक कांडी नुसती ओरखडे काढते.

संत्र्याचंच बघा. आंबिया बहाराचं संत्रं समोर ठेवा, ऑक्टोबर-नोव्हेंबरचं, ते पूर्ण केशरी नसतंच, देठाजवळ हिरवट पिवळं असतं. सावलीत काळा लावला की संत्रं सडल्यासारखं दिसतं. तिथे आधी गडद जांभळा, त्यावर विटकरी, मग खाली टेबलाचा उजेड परत येतो तिथे थोडा ऑलिव्ह. केशरी फक्त मधल्या पट्ट्यात. आणि चमक म्हणजे मऊ फिक्या पिवळ्याचा एक दाब, घासायचं नाही, टेकवायचं आणि उचलायचं. मग मोबाईलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाईट करा, संत्रं चपटं दिसलं तर गडद कमी पडलाय.

बाकी सामान फार लागत नाही. निडेड इरेझर (कणकेसारखा मऊ खोडरबर), मास्किंग टेप, एक कडक बोर्ड, बारीक रेघांसाठी दोन-तीन पेस्टल पेन्सिली. ब्लेंडिंग स्टंप (रंग घासून पसरवायच्या कागदी कांड्या) लोक हौसेने डझनभर घेतात, मी एकच घेतला होता तो अजून चालून राहिलाय, बोट बरं. कांड्या एकमेकींना लागून मळक्या झाल्या की डब्यात रवा टाका, कांड्या टाका, हलक्या हाताने हलवा आणि चाळणीने गाळा, स्वच्छ निघतात. घरच्या चाळणीने केलं तर काय ऐकावं लागतं ते सांगत नाही.

धुळीचं मात्र सिरियसली घ्या. चित्रावर फुंकर मारायची नाही, बोर्ड थोडा पुढे झुकलेला ठेवा म्हणजे पूड खाली पट्टीत पडते. काही रंगांत कॅडमियमसारखी विषारी पिगमेंट्स असतात, तेव्हा मास्क लावा, खाताना हात धुवा, आणि फरशी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. आपल्याकडे मे महिन्यात 45 डिग्रीत कूलर बंद करून बसणं शक्य नाही आणि कूलरसमोर पेस्टल म्हणजे धुळवड, शिवाय त्या दमट हवेने कागद मऊ पडतो. मी उन्हाळ्यात सकाळी सहा ते नऊ करतो, मग कूलर. पावसाळ्यात चित्रांना बुरशी लागते, म्हणून बटर पेपर मध्ये घालून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो. कपाट मात्र बाहेरच्या भिंतीला लागून नको.

फिक्सेटिव्हवर, म्हणजे पूड कागदाला धरून ठेवायच्या स्प्रेवर, माझा फार भरवसा नाही, मारलं की रंग गडद होतात आणि फिके हायलाइट गायब. मारायचंच तर मधल्या थरांवर, लांबून, हलकं, आणि शेवटचे फिके रंग त्यानंतर. हेअरस्प्रे तर नकोच, पुढे पिवळा पडतो.

खरं संरक्षण काच. व्हेनिसच्या रोझाल्बा कॅरिएराने अठराव्या शतकात केलेली पेस्टल पोर्ट्रेट्स काचेमागे आजही आहेत, पेस्टलमध्ये तेलच नाही तर ते पिवळं पडणार कसं. पण काच चित्राला टेकता कामा नये. माझं एक अंबाझरी तलावाचं चित्र फ्रेमवाल्याने माउंट (चित्र आणि काच यांत अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) न घालता काच थेट दाबून बसवलं, म्हणे घट्ट बसतं भाऊ. वर्षाने काच काढली तर अर्धं आभाळ काचेला. तेव्हापासून मी जाड माउंट सोबत घेऊन जातो आणि समोर उभा राहतो. अ‍ॅक्रेलिक शीट वजनाला हलकी म्हणून तो सुचवेल, नाही म्हणा, ती पुसताना स्टॅटिक होते आणि चित्रावरची पूड ओढून घेते.