प्रेअरीतील ओढ्यांचा नकाशा करताना या चुका टाळा

अमेरिकेतील नॉर्थ डकोटासारख्या सपाट गवताळ प्रदेशाचा (प्रेअरीचा) उंचसखल नकाशा करताना बहुतेक चुका डोंगराळ भागातली सवय तशीच चालवल्याने होतात. डोंगरात अर्ध्या मीटरची चूक खपून जाते. येथे कित्येक ओढ्यांचा अख्खा काठच तेवढा असतो.

सर्वाधिक घोळ रस्त्यांमुळे होतो. येथे मैलामैलावर आखलेले खडीचे रस्ते भरावावरून जातात. लायडारच्या, म्हणजे विमानातून लेसर किरणांनी केलेल्या उंचीच्या मोजणीत भराव येतो, त्याखालची मोरी (पाणी जाण्याची वाट) येत नाही. मग संगणक ओढा रस्त्यापाशी अडवतो, वरच्या अंगाला नसलेले तळे दाखवतो आणि प्रवाहरेषा रस्त्याकडेच्या चरातून भलतीकडे नेतो. ओढा रस्त्याला भिडताच काटकोनात वळलेला दिसला, तर हवाई छायाचित्रात मोरीची तोंडे शोधावीत. ती गवतात झाकलेली असतील, तर जागेवर जाऊन दोन्ही तोंडांची तळपातळी मोजावी आणि संगणकातील नकाशात तेवढ्याच रुंदीत भराव कापावा. वस्ती विरळ असल्याने अशी चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून आसपासच्या शेतकऱ्याला पाणी कुठून जाते हे विचारणे मला अनिवार्य वाटते.

दुसरी चूक म्हणजे नकाशातले सगळे खळगे संगणकाला एक आज्ञा देऊन भरून टाकणे. हिमनद्यांनी मागे ठेवलेले येथील हजारो खळगे हा मोजणीचा दोष नव्हे, ती खरी भूरचना आहे. येथील डेव्हिल्स लेक या तळ्याचे पाणी 1993 नंतर सुमारे 30 फूट चढले, तरी 1,458 फुटांच्या पातळीखाली ते नैसर्गिकरीत्या शायेन नदीत उतरत नाही. तो खोलगट भाग भरला, तर पाणलोटाची हद्दच चुकीची निघते. आधी मोऱ्यांवरचे भराव कापावेत आणि मगच उरलेले खळगे खोली व क्षेत्रफळ पाहून एकेक तपासावेत.

जुने 1:24,000 चे नकाशे बहुधा 1929 च्या उंचीसंदर्भावर (उंची जिथून मोजतात त्या शून्य पातळीवर) असतात, तर लायडारच्या उंची 1988 च्या संदर्भावर असतात. फार्गो शहराच्या परिसरात दोन्हींत सुमारे फूटभर फरक पडतो आणि तेथील रेड नदीला मैलामागे फूटभरही उतार नाही. संदर्भ न बदलता दोन्ही एकत्र केले, तर नदी उलटी वाहताना दिसू शकते.

मोजणीची तारीखही पाहावी. नेहमीचा लायडार पाण्याखालचा तळ टिपत नाही. त्यामुळे बर्फ वितळण्याच्या दिवसांतील मोजणीत तुडुंब भरलेला खळगा सपाट जमीन भासतो.