हुजूर पक्षातर्फे उभे राहण्याची कारणे व्यावसायिकाने कशी मांडावीत

ब्रिटनमधील स्थानिक व्यावसायिकाला हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षातर्फे हाउस ऑफ कॉमन्सची, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची, निवडणूक लढवायची असेल, तर त्याने प्रथम ‘संसदच का?’ या प्रश्नाचे उत्तर लिहून काढावे. इंग्लंडमध्ये दुकाने व कार्यालये यांच्यावरील बिझनेस रेट्स हा मालमत्ता कर स्थानिक कौन्सिल गोळा करते, परंतु त्याचा दर केंद्र सरकार ठरवते. एप्रिल २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या वेतनावर मालकांनी भरायचा राष्ट्रीय विम्याचा (नॅशनल इन्शुरन्स) हप्ता १३.८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेला, तोही सरकारच्या अर्थसंकल्पामुळेच. अशा निर्णयाचा आपल्या वेतनखर्चावर नेमका किती भार पडला आणि त्यापायी एखादी नवी नेमणूक थांबली का, हे आकड्यांसह सांगणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ‘मी रोजगार निर्माण केला’ एवढ्या वाक्याने मतदाराचे समाधान होत नाही. हाच पक्ष का, हेही करकपातीपुरते न ठेवता स्पष्ट करावे. ज्या मतदारांचा व्यापाराशी संबंध नाही, त्यांच्या शाळा-दवाखान्यांविषयीही अभ्यासपूर्वक बोलावे. त्यानंतर पक्षाच्या मान्य उमेदवारांच्या यादीत नाव यावे लागते आणि मतदारसंघातील शाखेने आपली निवड करावी लागते. उमेदवारी अर्जासाठी त्याच मतदारसंघातील १० मतदारांच्या सह्या, पक्षाचे अधिकृत प्रमाणपत्र आणि ५०० पौंडांची अनामत रक्कम लागते. ५ टक्क्यांहून अधिक मते मिळाल्यास ही रक्कम परत मिळते.