आधी लिस्टमध्ये नाव टाका, मग वाचा: यूकेत अलॉटमेंटवर भाजी लावायची तर

यूकेत राहताय आणि अलॉटमेंट घ्यायचं डोक्यात आहे, तर आधी तुमच्या कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, वेबसाइटवर जाऊन वेटिंग लिस्टमध्ये नाव टाका आणि मग हे वाचायला या, कारण कुठे नंबर काही महिन्यांत लागतो तर कुठे पोरगं प्रायमरीत असताना टाकलेलं नाव ते युनिव्हर्सिटीत गेल्यावर वर येतं. पॅरिश कौन्सिलच्या (इथली ग्रामपंचायतच म्हणा), चर्चच्या जमिनीवरच्या, खाजगी अशा वेगळ्या साइट्स असतात आणि त्यांच्या याद्याही वेगळ्या, तिथे पण विचारा. आणि रविवारी सकाळी साइटच्या गेटपाशी चक्कर मारा, आत कुणीतरी असतंच, सेक्रेटरी कोण ते विचारा आणि सरळ सांगा की वाढलेलं गवताळ रान दिलंत तरी चालेल. असे प्लॉट लवकर मिळतात कारण बाकीचे ते बघूनच पळतात.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. अलॉटमेंट म्हणजे गावातल्या लोकांना स्वतःच्या घरापुरती भाजी-फळं पिकवायला भाड्याने दिलेला जमिनीचा तुकडा. भाडं कौन्सिलप्रमाणे बदलतं, कुठे वर्षाला तीस-चाळीस पाउंड, कुठे शंभराच्या वर. पूर्ण प्लॉट जुन्या मापाने १० रॉड, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर, आणि गंमत म्हणजे आपल्याकडचे बरोब्बर अडीच गुंठे (चौरस यार्डात मांडून बघा, ३०२.५ भागिले १२१). १९०८ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या कौन्सिलांवर मागणी असेल तर प्लॉट पुरवायची जबाबदारी आहे, लंडनचा मधला भाग सोडून, आणि सहा मतदारांनी मिळून लेखी मागणी केली तर कौन्सिलला ती विचारात घ्यावीच लागते. धंदा म्हणून भाजी विकायची मात्र नाही. वाटायची कितीही, आणि ती वाटावीच लागते, ते पुढे येईलच.

आता मुख्य मुद्दा. अडीच गुंठे मिळत असतील तरी घेऊ नका, अर्धा प्लॉट मागा, सव्वा गुंठा, आणि पहिल्या वर्षी त्यातलाही पाव भागच लावा. लोक अलॉटमेंट सोडतात ती भाजी आली नाही म्हणून नाही, तर मे महिन्यात एका वीकेंडला गेले नाहीत आणि पुढच्या वीकेंडला बघितलं तर गुडघाभर गवत, मग जायची लाज वाटते, मग अजून जात नाहीत, मग कौन्सिलचं पत्र येतं. प्लॉट पडीक ठेवला तर नोटीस येते हे खरंच होतं. त्यामुळे तुम्हाला वेड लागायचं असेल, म्हणजे ऑफिसच्या मीटिंगमध्ये खिडकीतून पावसाकडे बघून 'बरं झालं, आज पाणी घालायला नको' असं मनात येणारं वेड, तर जमीन अशी हवी की एका संध्याकाळी पूर्ण खुरपून होईल. खुरपून झालेला वाफा बघून माणूस परत येतो. न झालेला बघून येत नाही.

उरलेल्या जमिनीचं काय? झाकून टाका. काळं जाड प्लॅस्टिक किंवा पुठ्ठा. पुठ्ठ्यावरची सेलोटेप आणि स्टेपल काढा, तुकडे एकावर एक चढवून अंथरा, भिजवा, वर चार-पाच इंच कंपोस्ट घाला आणि त्यातच रोपं लावा, खणायची गरजच नाही. इंग्लंडमध्ये चार्ल्स डाउडिंग नावाचा माणूस ही न खणता शेती करायची पद्धत वर्षानुवर्षं शिकवतोय आणि कंबर धरलेल्या चाळिशीतल्या आयटीवाल्यांसाठी तर ती वरदानच आहे. फक्त बाइंडवीड आणि हॉर्सटेल ही दोन तणं पुठ्ठ्याला दाद देत नाहीत. बाइंडवीडची पांढरी मुळं शेवयांसारखी लांब निघतात आणि बोटभर तुकडा राहिला तरी परत वेल येतो, तेव्हा तिथे रोटाव्हेटर फिरवणं म्हणजे एका तणाची शंभर करणं. काट्याने, फोर्कने, हळूहळू उपसायचं आणि ते कंपोस्टच्या ढिगात टाकायचं नाही.

घोड्याची लीद फुकट मिळते, तबेल्यांच्या बाहेर पोती ठेवलेली असतात, भारी खत आहे पण एक वर्ष कुजलेलं घ्या आणि आधी टेस्ट करा. घोड्यांनी खाल्लेल्या गवतावर अमिनोपायरॅलिड नावाचं तणनाशक मारलेलं असेल तर ते लिदीतून तसंच खाली येतं आणि तुमचे टोमॅटो, बटाटे, घेवडा वाकडेतिकडे होऊन बसतात. एका कुंडीत ते खत आणि मातीचं मिश्रण भरा, दुसरीत साधं कंपोस्ट, दोन्हीत ब्रॉड बीनचे, म्हणजे बाकल्याचे, चार दाणे टोचा आणि दोन-तीन आठवडे बघा. खतातली पानं चुरगळून गोळा झाली तर ती पोती घ्यायची नाहीत.

हवामानाशी भांडू नका, हे सगळ्यात अवघड. एप्रिलमध्ये चार दिवस ऊन पडतं, लोक टीशर्टात येतात, आणि आपल्याला वाटतं झालं, लावा टोमॅटो. थांबा. दक्षिणेत मेच्या मध्यापर्यंत आणि उत्तरेत मेच्या शेवटापर्यंत किंवा त्याच्याही पुढे रात्रीचं फ्रॉस्ट, म्हणजे दंव गोठवणारी थंडी, येऊ शकतं, आणि टोमॅटो, मिरची, दुधी, भोपळा, फरसबी यांना एक रात्र पुरते. तोवर काय लावायचं तर बटाटे. फेब्रुवारीत बियाण्याचे बटाटे अंड्याच्या ट्रेमध्ये उजेडात कोंब यायला ठेवायचे, मार्च-एप्रिलमध्ये लावायचे, इथे गुड फ्रायडेला लावायची जुनी चाल आहे. पहिल्या वर्षी फर्स्ट अर्लीच, म्हणजे सगळ्यात लवकर निघणाऱ्या जातीच, घ्या, स्विफ्ट किंवा अरन पायलट, कारण ते दहा-बारा आठवड्यांत निघतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेत ब्लाइट, म्हणजे करपा, येतो तोवर ते तुमच्या पोटात गेलेले असतात. मातीतून काढून तासाभरात उकडलेल्या त्या कोवळ्या बटाट्यांची, साल न काढता, जिरं-मिरची-कोथिंबिरीची भाजी एकदा करा, वेडाची सुरुवात बहुतेकांची इथेच होते.

आता पालेभाज्या, आणि इथे मी जरा रेंगाळणार, कारण आपल्या माणसाला सुपरमार्केटमध्ये नेमकं हेच मिळत नाही. मेथी इथे इतकी सोपी आहे की राग येतो. इंडियन ग्रोसरीतल्या मेथीदाण्याचं पाकीट आणा, रात्रभर भिजवा, एप्रिल ते ऑगस्ट केव्हाही दाट फेका, वर थोडी माती, महिन्या-दीड महिन्यात जुडी. दर पंधरवड्याला मूठभर पेरत राहायचं. कोथिंबिरीचं तसं नाही. धणे हलके रगडून दोन फाका करून पेरायचे ते ठीक, पण जूनमध्ये इथे दिवस जवळजवळ १७ तासांचा असतो आणि इतक्या उजेडात ती पानं धरायच्या आधीच फुलावर जाते. एप्रिलमध्ये एकदा पेरा, मग मधे सोडा, आणि ऑगस्टमध्ये परत पेरा, ती थंडी पडेपर्यंत छान टिकते. फुलावर गेलेली उपटू नका, हिरवे धणे चटणीत घाला.

मुळ्याचंही तेच, पांढरा लांब मुळा मेमध्ये पेरला तर फुलतो, जुलै-ऑगस्टमध्ये पेरला तर हातभर होतो. पण फुललाच तर त्याच्या शेंगांना आपल्याकडे नाव आहे, डिंगऱ्या. शेजारचा प्लॉटवाला फुललेला मुळा कंपोस्टमध्ये टाकत असेल तर त्याच्याकडून मागून घ्या, कोवळ्या शेंगा कांद्यावर परतून करा आणि त्याला एक चमचा खायला द्या. लाल माठाला ऊब लागते, जूनमध्ये पेरा.

आणि चाकवत! तो पेरायचाच नाही, तो आहेच. इथे त्याला फॅट हेन म्हणतात, खतावलेल्या प्रत्येक वाफ्यात तण म्हणून उगवतो आणि लोक शिव्या देत उपटतात. पानाच्या खालून पांढरट पिठूळ, कोवळे शेंडे खुडा, ताक-बेसन लावून शेंगदाणे घालून पातळ भाजी. ओळख पक्की असेल तरच हं, नसेल तर आईला व्हिडिओ कॉल करून दाखवा, तिला दोन सेकंद लागतात. आंबटचुका हवा असेल तर इथला सॉरेल लावा, चुलत भाऊच आहे, एकदा लावला की वर्षानुवर्षं येतो आणि डाळीत घातला की कोकम लागत नाही. रुबार्बचा देठही आमटीत तसाच चालतो, पान मात्र विषारी, ते तिथेच टाकायचं.

दुधी आणि मिरची ही दोन पिकं हौसेची आहेत, पोटाची नाहीत, असं समजून लावा. मिरचीचं बी जानेवारी-फेब्रुवारीत घरात उबेला रुजवायचं, एरिंग कपबोर्ड (गरम पाण्याच्या टाकीचं उबदार कपाट) असेल तर तिथे, आणि कोंब दिसला की लगेच उजेडात. मग ग्रीनहाउस किंवा पॉलिटनल, म्हणजे प्लॅस्टिकचा बोगदा, नाहीतर घरातली दक्षिणेकडची खिडकी. दुधी लेस्टर-बर्मिंगहॅमकडे आपले गुजराती-पंजाबी काका उघड्यावर मांडव घालून काढतात पण ते उन्हाळा चांगला असेल तर. त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात तेव्हा आठ वाजता जाऊन नर फूल तोडून मादी फुलावर फिरवून या, मागे बारीक दुधी दिसतो ती मादी. आणि कुठलाही घरचा दुधी, कुर्जेट (म्हणजे झुकिनी), भोपळा चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावून बघा, कडू लागला तर अख्खा फेकायचा, चव मारून खायचं नाही. कुर्जेटचं एकच रोप लावा. एकच. पाकिटात आठ बिया असतात हा कंपनीचा प्रॉब्लेम आहे. थालीपीठ, भाजी, कोशिंबीर, वड्या सगळं करून झालं तरी दार वाजवून वाटायची वेळ येते.

बियांबद्दल एक. सुट्टीहून येताना बॅगेत गावठी बियाणं टाकून आणू नका, लागवडीच्या बहुतेक बियांना इथे येताना फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला, लागतं. आणि आपल्याकडचा कांदा तसाही इथे नीट होत नाही, तो लहान दिवसाचा, इथल्या लांब दिवसात घाईने गोळीएवढाच गड्डा धरतो. इथले कांद्याचे सेट, म्हणजे लावायचे बारके कांदे, घ्या, मार्च-एप्रिलमध्ये टोचा. साइटवर असोसिएशनचं छोटं दुकान असेल, रविवारी दोन तास उघडतं, तिथे सगळं गार्डन सेंटरपेक्षा स्वस्त.

स्लग, म्हणजे ती बिनशंखाची चिकट गोगलगाय, तुमचा खरा शत्रू. जुने निळे मेटाल्डिहाइडचे दाणे मार्च २०२२ पासून वापरायला बंदी आहे, शेडमध्ये कुणाचे जुने सापडले तर वापरू नका, फेरिक फॉस्फेटचे चालतात. जमीन पाच डिग्रीच्या वर गेली की पाण्यातून घालायचे नेमाटोड, म्हणजे स्लग मारणारे सूक्ष्म कृमी, मिळतात, महाग पण कामाचे. त्याहून स्वस्त म्हणजे अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन जाणं आणि वेचणं, आणि रोपं घरी कुंडीत वीतभर करून मगच जमिनीत लावणं. कोबी-फ्लॉवरच्या जातीचं काहीही लावलं तर त्याच दिवशी जाळी, नाहीतर कबुतरं फक्त शिरा ठेवतात, आणि जाळी बारीक घ्या म्हणजे पांढरी फुलपाखरंही आत येणार नाहीत.

माणसांचं पण सांगते. पलीकडच्या प्लॉटवर सत्तरीतला एक आजोबा असतोच, तो तुमचं सगळं चुकीचं आहे असं सांगेल. ऐकून घ्या. त्या मातीत पाणी कुठे साचतं आणि फ्रॉस्ट कुठल्या कोपऱ्यात बसतं हे यूट्यूबला माहीत नाही, त्याला माहीत आहे. त्याच्या बदल्यात त्याला मेथीची जुडी द्या आणि काय करायचं तेही सांगा, नाहीतर तो सॅलडमध्ये कच्ची खाईल. होजपाइप, शेकोटी, शेडचा आकार याचे नियम प्रत्येक साइटचे वेगळे, करार सही करताना वाचा, आणि पाण्याच्या टाक्या हिवाळ्यात बंद करतात हे लक्षात ठेवून शेडच्या छपराखाली एक पिंप लावून टाका.

ऑक्टोबर आला की बहुतेक जण कुलूप लावतात. तुम्ही लसूण लावा. पाकळीचं टोक वर, दोन इंच खोल, वीतभर अंतरावर, त्याला थंडी लागतेच, थंडी नाही मिळाली तर पाकळ्या सुटत नाहीत. ब्रॉड बीनची अक्वाडुल्से क्लॉडिया ही जात नोव्हेंबरमध्ये टोचली तर बर्फातही तग धरते आणि पुढच्या मे-जूनमध्ये, जेव्हा प्लॉटवर दुसरं फारसं काही नसतं, तेव्हा शेंगा देते. बाकीचे वाफे झाका, झाडं कापणाऱ्यांनी गेटपाशी टाकलेला लाकडाचा चुरा फुकट असतो तो वाटांवर पसरा, आणि घरी जाऊन बियांचे कॅटलॉग उघडा. मिरचीचं बी मागवायला डिसेंबर उजाडू देऊ नका, चांगल्या जाती संपतात.