क्यूमधला मेसेज पुन्हा येतो तेव्हा या चुका टाळा

इंदूरच्या विजयनगर भागातील आमच्या छोट्या कार्यालयात दिवाळीच्या तोंडावर शेव-नमकीनच्या एका दुकानदाराची तक्रार आली, की एकाच ऑर्डरचे पैसे ग्राहकाच्या खात्यातून दोनदा कापले गेले आहेत. लॉगमध्ये एकही एरर नव्हती. उलट त्या ऑर्डरपुढे ‘यशस्वी’ अशी नोंद दोन वेळा होती, आणि खरे उत्तर तिथेच होते. आमच्या ऑर्डरी क्यूमधून, म्हणजे मेसेजच्या रांगेतून, जातात आणि वर्कर, म्हणजे काम करणारा प्रोग्राम, तिथून मेसेज उचलतो. अ‍ॅमेझॉनच्या एसक्यूएस या क्यू-सेवेत व्हिजिबिलिटी टाइमआउट, म्हणजे उचललेला मेसेज इतर वर्करांपासून लपून राहण्याचा काळ, आपण न बदलल्यास ३० सेकंदांचा असतो. सणाच्या गर्दीत पेमेंटला ४० सेकंद लागू लागले, तेव्हा पहिला वर्कर काम करीत असतानाच तो मेसेज पुन्हा दिसू लागला आणि दुसऱ्या वर्करने तो उचलला.

टाइमआउट वाढवणे हा यावरचा अर्धाच उपाय आहे. तो प्रत्यक्ष कामाच्या सर्वांत संथ वेळेवरून ठरवावा, सरासरीवरून नव्हे. आणि काम लांबत असेल तर वर्करने मधूनमधून मुदत वाढवून घ्यावी, जी एकूण १२ तासांपर्यंतच वाढते. परंतु एसक्यूएसची साधी, म्हणजे स्टँडर्ड क्यू मेसेज ‘किमान एकदा’ देण्याचीच हमी देते, म्हणून तोच मेसेज पुन्हा येणारच असे धरूनच कोड लिहावा लागतो. ऑर्डर क्रमांकावर डेटाबेसमध्ये युनिक बंधन, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा न स्वीकारण्याचा नियम, घालावे आणि पेमेंट गेटवेकडे दर प्रयत्नात तीच आयडेम्पोटन्सी की, म्हणजे ‘ही जुनीच मागणी आहे’ हे ओळखण्याची खूण, पाठवावी. येथे ऑर्डर क्रमांकाऐवजी क्यूने दिलेला मेसेज आयडी वापरण्याचा मोह होतो, आम्हालाही झाला होता. पण पाठवणाऱ्यानेच तीच ऑर्डर दुसऱ्यांदा पाठवली तर आयडी नवा असतो. एसक्यूएसच्या फिफो क्यूचे, म्हणजे आलेल्या क्रमानेच मेसेज देणाऱ्या क्यूचे, डुप्लिकेट गाळणेही ५ मिनिटांपुरतेच असते.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक अपयशाला एकच औषध देणे. गेटवे बंद असेल तर थांबून पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे, आणि त्या थांबण्यात थोडा अनियमितपणा ठेवावा, म्हणजे सगळे वर्कर एकाच क्षणी धडकत नाहीत. मात्र मेसेजचा जेसनच, म्हणजे त्यातील माहिती मांडण्याचा साचाच, मोडका असेल तर तो शंभराव्या वेळीही मोडकाच राहणार. रॅबिटएमक्यू या दुसऱ्या क्यू-प्रणालीमध्ये अशा मेसेजला नॅक करून, म्हणजे नाकारून, रीक्यू केले, म्हणजे पुन्हा रांगेत टाकले, की तो शक्य तितका आपल्या मूळ जागेजवळ परततो आणि तत्काळ पुन्हा हाती येतो. सीपीयू तापतो, मागची रांग जवळपास खोळंबते. रॅबिटएमक्यू ४.० पासून कोरम क्यूमध्ये, म्हणजे अनेक सर्व्हरांवर प्रती ठेवणाऱ्या क्यूमध्ये, मेसेज पुन्हा देण्यावर २० ची मर्यादा आपोआप लागू आहे, पण डेड लेटरची, म्हणजे फसलेले मेसेज बाजूला ठेवण्याची, सोय केली नसेल तर मर्यादा ओलांडलेला मेसेज टाकून दिला जातो.

काम होण्याआधीच पोचपावती देऊ नये, हे वेगळे सांगायला नको. तरी काफ्का या मेसेज-प्रणालीमध्ये ऑटो कमिट, म्हणजे आपोआप पोचपावती, चालू ठेवून, हाती घेतलेले रेकॉर्ड (तिथले मेसेज) दुसऱ्या थ्रेडकडे, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामाकडे, सोपवणारे नेमके तेच करीत असतात.

डेड लेटर क्यू उभारली, पण तिच्यावर अलार्म लावला नाही, ही आमची स्वतःची चूक. एसक्यूएसच्या स्टँडर्ड क्यूमध्ये मेसेजचे वय मूळ क्यूत शिरल्यापासून मोजले जाते. मूळ आणि डेड लेटर अशा दोन्ही क्यूंत मेसेज ठेवण्याची नेहमीची ४ दिवसांची मुदत असेल, जी संपली की तो पुसला जातो, आणि मेसेज पहिल्या क्यूत एक दिवस अडकला असेल, तर तपासायला तीनच दिवस उरतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही ती उघडली तेव्हा ती रिकामी होती, आणि राहिलेल्या ऑर्डरी दुकानदाराच्या वहीवरून हाताने भराव्या लागल्या. आता तिची मुदत कमाल, म्हणजे १४ दिवस आहे, आणि एकही मेसेज तिथे पोहोचला की फोन वाजतो.