बारा माणसं, चौदा दिवस: सोलापुरातून प्ले स्टोअरवर ॲप टाकताना

आमच्या सोलापूरच्या पूर्वभागातल्या कितीतरी यंत्रमाग कारखान्यांत हजेरी आणि उचल अजून वहीतच लिहितात. त्यासाठी मी छोटं ॲप केलं आणि स्वतःच प्ले स्टोअरवर टाकलं. तुम्हालाही टाकायचं असेल तर आधी डेव्हलपर खातं उघडा. गुगलला एकदाच २५ डॉलर भरायचे, ॲपलला दरवर्षी ९९. कामगारांच्या हातात अँड्रॉइडच आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात केली. ॲपमधून कमाई करणार असाल तर तुमचा पूर्ण पत्ता स्टोअरवर सगळ्यांना दिसतो. घरून काम करणाऱ्या बायकांनी याचा विचार आधीच करावा.

खरी मेहनत पुढे आहे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल, तर किमान १२ जण सलग १४ दिवस चाचणीत राहावे लागतात. त्याशिवाय ॲप सर्वांसाठी खुलं करण्याचा अर्जच करता येत नाही. पैसे घेऊन बारा जण पुरवणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. लोकांनी काय सांगितलं, तुम्ही काय बदललं, हे अर्जात विचारतात.

मी सासऱ्यांसोबत दोन कारखान्यांत फिरले. कुणीतरी मध्येच गळणार, म्हणून पंधरा जणांचे जीमेल घेतले. प्रत्येकाला लिंक उघडून होकार द्यावा लागतो, तो समोर बसूनच करून घ्या. तिसऱ्या दिवशी कांड्या भरणाऱ्या मावशी म्हणाल्या, "उचल बी अन् पगार बी एकाच रंगात हाय. हातात किती येणार, कळंनाच." रात्रपाळीच्या एका काकांना फक्त तेलुगू वाचता येत होतं. मी रंग बदलले, तेलुगू घातली. ॲप खरं तेव्हा तयार झालं.

पैशांचं म्हणाल तर, चादर-टॉवेल विकायला यूपीआय चालतं, स्टोअरचं कमिशन नाही. ॲपमधलीच सुविधा विकली की कमिशन आलं. २०२१ पासून वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरवर ते ३० ऐवजी १५ टक्के झालं. ॲपमधले पैसे गुगलच्याच बिलिंगमधून घ्यायच्या सक्तीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला. अपिलात तो २१६.६९ कोटींवर आला. त्या आदेशानंतर दुसरी पेमेंट सोय देण्याची मुभा मिळाली, पण कमिशन चारच टक्क्यांनी उतरलं. पैसे वळते करणाऱ्या पेमेंट गेटवेचा खर्च वेगळा. लहान माणसाला हा दिलासा अपुरा आहे, असं माझं ठाम मत आहे.

कामगारांची नावं, फोन नंबर साठवत असाल तर ॲप कुठली माहिती घेतं हे विचारणाऱ्या प्ले स्टोअरच्या डेटा सेफ्टी फॉर्ममध्ये ते स्पष्ट लिहा आणि गोपनीयता धोरणाची लिंक द्या. मी ते धोरण मराठी आणि तेलुगूत छापून दोन्ही कारखान्यांच्या दाराशी लावलंय.