हार्टची शॉकवेव्ह थेरपी: पत्रक बघून धावण्याआधी या चुका टाळा

मागच्या महिन्यात आमच्या सदाशिव पेठेतल्या काकांनी पेपरमधून पडलेलं एक गुळगुळीत पत्रक माझ्यापुढे टाकलं, वर ठळक अक्षरात 'शॉकवेव्हने ब्लॉकेज विरघळवा, बायपास टाळा' आणि खाली फोटो कुणाचा, तर पायांना पट्टे बांधून पलंगावर झोपलेल्या माणसाचा. अहो, पायाला पट्टे म्हणजे ईईसीपी! त्यात हवेने फुगणारे पट्टे हृदयाच्या ठोक्याला धरून पाय दाबतात, साधारण ३५ वेळा, दर वेळी तासभर. शॉकवेव्हचा तिथे काही संबंधच नाही.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, नाव एक आणि उपचार भलतेच. बातम्यांमध्ये 'शॉकवेव्ह' म्हणून जे येतं ते बहुतेक वेळा आयव्हीएल असतं, म्हणजे अँजिओप्लास्टीसारखाच कॅथेटर आत जातो, टोकाच्या बलूनमधून लहरी सुटतात, धमनीत दगडासारखं साचलेलं कॅल्शियम तडकतं आणि मग स्टेंट नीट उघडतो. याला अमेरिकेत हृदयाच्या धमन्यांसाठी २०२१ मध्ये मान्यता मिळाली आणि ते बनवणारी कंपनी २०२४ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने घेतली, म्हणून सध्या एवढा गाजावाजा आहे. कॅल्शियम तडकतं हं, विरघळत बिरघळत काही नाही.

छातीवर जेल लावून बाहेरून देतात ती थेरपी वेगळी. मुतखडा फोडायचं मशीन १९८० साली म्युनिकमध्ये पहिल्यांदा माणसावर वापरलं, त्याच जातीच्या लहरी, पण ताकद साधारण एक दशांश. इकोवर जागा बघायची, ईसीजीच्या ठोक्याशी जुळवून शॉट द्यायचे. ब्लॉकेजला ती हातही लावत नाही, जिथे रक्त कमी पोचतंय तिथे बारीक नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात एवढीच अपेक्षा. आणि हो, टाचदुखीला फिजिओथेरपिस्ट जे मशीन लावतात ते 'छातीलाही लावून बघू' म्हणायचं नाही, मध्ये फुप्फुस असतं, आणि जिथे हवा तिथे या लहरी इजा करू शकतात.

दुसरी चूक आकडे वाचताना होते, आणि इथे शिकलेली माणसंसुद्धा घसरतात. जपानमध्ये २००४ साली डुकरांवर चांगला परिणाम दिसला, २००६ मध्ये माणसांवरचा अभ्यास आला तो फक्त ९ पेशंटचा. ही सुरुवात झाली, पुरावा नव्हे. मग २०१३ मध्ये जर्मनीतला सेलवेव्ह नावाचा अभ्यास, १०३ पेशंट, त्यात शॉकवेव्ह आणि बोनमॅरोच्या पेशी एकत्र दिल्या तेव्हा हृदयाचं पंपिंग, म्हणजे ईएफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतं ते), ३.२ ने वाढलं, शॉकवेव्हसोबत पेशींऐवजी नुसता प्लासिबो, म्हणजे नकली उपचार, दिलेल्यांचं मात्र १ ने. पत्रकवाले यातला ३.२ तेवढा उचलतात आणि पेशींचा भाग खाऊन टाकतात.

आता २०२४ मधला ऑस्ट्रियातला कास्ट-एचएफ अभ्यास बघा, सध्या सगळे हाच फिरवतायत. ६३ पेशंट, ईएफ ४० किंवा त्याखाली, सगळ्यांचं बायपास झालेलं, आणि त्यातल्या काहींना तेच ऑपरेशन चालू असताना, छाती उघडी असताना, थेट हृदयावर लहरी दिल्या. वर्षभराने त्यांचा ईएफ ११.३ ने वाढला. वा! पण नुसतं बायपास झालेल्यांचाही ६.३ ने वाढला होता, म्हणजे शॉकवेव्हच्या पदरात पडले ५. तेही कमी नाही, माझ्या मते या विषयातलं हे सगळ्यात आशादायक काम आहे, पण ते बाहेरून छातीवर देणाऱ्या सेंटरच्या जाहिरातीत काय करतंय? शिवाय ईएफ वाढणं म्हणजे आयुष्य वाढणं असं होत नाही, त्यासाठी मोठा अभ्यास लागतो.

'शेजारच्यांना बरं वाटलं ना' या वाक्याचं काय करायचं तर, छातीदुखीत प्लासिबो भयंकर जोरात चालतो. २०१७ च्या ऑर्बिटा अभ्यासात २०० पेशंटपैकी साधारण निम्म्यांना स्टेंट घातला आणि बाकीच्यांना फक्त घातल्याचं नाटक केलं, तरी ट्रेडमिलवर चालण्याच्या वेळेत दोघांमध्ये ठोस फरक निघाला नाही. म्हणून नकली उपचाराशी तुलना नसलेला अभ्यास हातात आला तर जपून.

तिसरी, परस्पर गोळ्या बंद करणं. काकांना त्या सेंटरवर फोनवर सांगितलं की कोर्स झाला की स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि अ‍ॅस्पिरिन 'हळूहळू सुटेल'. असं कुणी म्हणालं की चप्पल घाला आणि निघा. आणि 'आमच्याकडे ट्रायल चालू आहे' म्हणाले तर सीटीआरआयचा नंबर मागा, ही भारतातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदणी २००७ पासून आहे, २००९ पासून सक्तीची, आणि ऑनलाइन कुणालाही फुकट बघता येते. ट्रायल म्हणून वर पॅकेजचे पैसेही मागत असतील तर काय समजायचं ते समजा.

अडचण येते ती कोर्स चालू असताना. छातीत नव्याने दुखलं, विश्रांती घेतानाही दुखलं, घाम सुटला तर 'थेरपी काम करतेय' म्हणत बसू नका, १०८ लावा.

काकांना पर्वतीच्या साधारण मध्यापर्यंत गेलं की छाती भरून येते, हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, मला म्हणाले, 'वयाने होतं रे.' आता पत्रकाच्या पाठीमागेच त्यांनी प्रश्न लिहून काढलेत, पहिला 'माझ्या धमनीत कॅल्शियम किती', दुसरा 'मशीन नेमकं कोणतं', आणि अँजिओग्राफीची सीडी सापडत नाहीये म्हणून काकू दोन दिवस कपाटं उपसतायत.