मंत्र्यांनी निधी जाहीर केला, तो पुढे कुठे गेला ते नाशकात बसून कसं शोधायचं

आमच्या नाक्यावर दोन वर्षांपूर्वी फ्लेक्स लागला होता, एवढ्या एवढ्या कोटींचा निधी मंजूर, वर मंत्र्यांचा मोठा फोटो आणि खाली पंधरा जणांचे पासपोर्ट साइज. फ्लेक्स पावसात फाटला, त्याच्या कापडाने एका रसवंतीवाल्याने छप्पर झाकलं, रस्ता मात्र होता तसाच. तेव्हा मी ठरवलं की बघू तरी हे मंत्री लोक हिशोब देतात तो नेमका कुठे देतात. तर देतात, पण भाषणात नाही, कागदावर देतात, आणि तो कागद आपल्याला मागता आला पाहिजे.

आधी हे बघा की निर्णय कोणाचा आहे, कारण इथेच अर्धे लोक चुकतात. कांद्याचंच घ्या, ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क आलं, डिसेंबर २०२३ मध्ये थेट बंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली आणि उरलेलं २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ पासून गेलं. हे सगळे निर्णय दिल्लीचे, त्यामुळे लासलगावात राज्याच्या मंत्र्याला कितीही घेराव घाला, तो फार तर केंद्राला पत्र लिहितो म्हणणार. तिथे प्रश्न खासदारामार्फत लोकसभेतच गेला पाहिजे. रस्त्याचंही तसंच आहे, गल्लीतला महापालिकेचा, पुणे हायवे केंद्राचा, आणि राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम म्हणजे राज्याचा मंत्री.

राज्याचा असेल तर आता चार शब्द डोक्यात बसवा, घोषणा, मान्यता, वितरण, खर्च. लग्नात मामा माइकवर म्हणाले फ्रीज देतो, ती घोषणा. घरी येऊन मामींना विचारून हो म्हणाले, ती मान्यता. पैसे दुकानदाराच्या खात्यात टाकले, ते वितरण. आणि फ्रीज तुमच्या स्वयंपाकघरात चालू झाला तर खर्च. फ्लेक्सवाले पहिल्या दोनवर मजकूर छापतात आणि आपण चौथं झालं असं समजतो.

मान्यतेचा कागद म्हणजे जीआर, शासन निर्णय. कॅबिनेटमध्ये निर्णय झाला की बातमी संध्याकाळपर्यंत येते पण जीआर निघायला कधी कधी कितीतरी दिवस लागतात, आणि जीआर निघाल्याशिवाय खालचा अधिकारी हलत नाही. सरकारच्या वेबसाइटवर शासन निर्णय या भागात विभाग आणि तारीख टाकून शोधता येतो, विषयात 'नाशिक' टाकून बघा, नाही सापडलं तर तालुक्याचं नाव टाका.

जीआर उघडल्यावर पहिलं पान वाचत बसू नका. प्रस्तावनेत सगळं गोडगोड असतं. सरळ शेवटाकडे जा, तिथे असं वाक्य असतं की सदर खर्च मागणी क्रमांक अमुक, लेखाशीर्ष तमुक याखालील मंजूर तरतुदीतून भागविण्यात यावा. हे लेखाशीर्ष, म्हणजे पैसा कुठल्या खात्यातून जाणार त्याचा क्रमांक, वहीत लिहून घ्या, पुढचा सगळा माग याच्यावरच काढायचाय. रस्त्याचं काम असेल आणि सुरुवातीचे चार आकडे ५०५४ असतील तर ते भांडवली काम, म्हणजे नवं बांधणं किंवा सुधारणा, आणि ३०५४ असतील तर देखभाल दुरुस्ती. झेडपीत कोणालाही तीस चोपन्न पन्नास चोपन्न म्हणा, समोरचा लगेच सावरून बसतो. हे वाक्यच जीआरमध्ये नसेल, किंवा 'निधी उपलब्धतेनुसार' असं काही लिहिलेलं असेल, तर समजून जा की फ्रीज अजून मामांच्या तोंडातच आहे.

आता वितरण आणि खर्च. राज्याची बीम्स नावाची सिस्टिम आहे, त्यात लेखाशीर्षानुसार तरतूद किती, सोडले किती, खर्च किती असं दिसतं. पण ते सगळ्या राज्याचं किंवा खात्याचं असतं, तुमच्या गल्लीचं काम त्यात सापडणार नाही, त्यासाठी माहिती अधिकारच.

बजेट मार्चमध्ये आलं म्हणजे वर्षाचा विषय संपला असं नाही हं. प्रत्येक अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे मूळ बजेटच्या वरच्या खर्चाच्या मागण्या, येतात, २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात त्या ५७ हजार कोटींच्या वर होत्या, तेव्हा मूळ बजेटमध्ये तुमचं काम दिसलं नाही तर त्या पुस्तिकेत बघा.

जिल्ह्याचा पैसा वेगळा, तो जिल्हा नियोजन समितीतून येतो, लोक अजून डीपीडीसीच म्हणतात. अध्यक्ष पालकमंत्री. आपल्याकडे तर जानेवारी २०२५ मध्ये पालकमंत्र्यांची यादी आली आणि दुसऱ्याच दिवशी नाशिक आणि रायगडला स्थगिती, मग विचारायचं कोणाला असा गंमतीशीर प्रश्न पडला. पण बैठकीचं इतिवृत्त असतं, ते मागता येतं. सर्वसाधारण, आदिवासी आणि अनुसूचित जाती असे तीन भाग असतात, सुरगाणा पेठकडचे असाल तर आदिवासी उपयोजनेचं पान आधी काढा. आणि मार्चअखेर काय होतं ते एकदा बघाच, ३१ मार्चला पैसे परत जाऊ नयेत म्हणून रात्री उशिरापर्यंत बिलं निघत असतात.

माहिती अधिकारात मी पहिल्यांदा जे केलं ते करू नका. मी लिहिलं होतं, "रस्ता का झाला नाही आणि याला जबाबदार कोण?" एका ऑफिसने तीस दिवस पूर्ण झाल्यावर एका ओळीत कळवलं की प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही. चिडलो खूप, पण नंतर कळलं की कायदा माहिती म्हणजे रेकॉर्डवर असलेलं तेच देतो. म्हणून 'का' विचारायचं नाही, कागद मागायचा. असा:

"शासन निर्णय दिनांक अमुक, क्रमांक तमुक अन्वये मंजूर कामाबाबत, निधी वितरणाचे आदेश, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, अदा केलेली देयकं आणि उपयोगिता प्रमाणपत्र यांच्या प्रती मिळाव्यात."

महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, फी १० रुपये, ऑनलाइन भरा किंवा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवा. चुकीच्या ऑफिसला गेला तर त्यांनीच पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि तिथेही नाही जमलं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, त्याचं खंडपीठ नाशिकलाच आहे, मुंबईला पळायची गरज नाही. तिथे नंबर लागायला वेळ लागतो, तेवढी तयारी ठेवा. कॅबिनेटचे कागद आधी मिळत नाहीत, पण निर्णय होऊन विषय संपला की निर्णय, त्याची कारणं आणि आधारभूत कागद खुले करावे लागतात, कलम ८(१)(झ) मध्येच लिहिलंय.

कागद हातात आला की आमदाराकडे जा. जिल्ह्यात १५ आमदार आहेत, तुमच्याच मतदारसंघाचा असावा असंही नाही, विरोधातला जास्त उत्साहाने घेतो हे उघड आहे. तारांकित प्रश्न टाकायला सांगा, कारण त्यावर सभागृहात उपप्रश्न विचारता येतात, अतारांकितला फक्त लेखी उत्तर येतं. मंत्र्यांच्या छापील उत्तराची भाषा ठरलेली असते, (१) हे खरे आहे, (२) हे अंशतः खरे आहे, (३) प्रश्न उद्भवत नाही. यातलं 'अंशतः' सापडलं की तिथेच बोट ठेवायचं, कारण नेमकं किती अंश ते उपप्रश्नात काढता येतं. मंत्री सभागृहात "चौकशी करू" म्हणाले तर तारीख लिहून ठेवा, ते आश्वासन धरलं जातं आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे.

खर्च होऊन गेल्यावरचा शेवटचा टप्पा कॅगचा, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्यांचा. त्यांचा अहवाल बऱ्याचदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी मांडतात, त्यामुळे तेव्हा चर्चा होत नाही, पण साइटवर पूर्ण मिळतो आणि नंतर विधिमंडळाच्या लोकलेखा समितीकडे जातो. तिचा अध्यक्ष प्रथेप्रमाणे विरोधी पक्षाचा, मंत्री सदस्य होऊ शकत नाही, आणि साक्षीला मंत्री नाही तर सचिव बसतो. मला हे पटत नाही, सही मंत्र्यांची आणि घाम सचिवाला, पण पद्धत तीच आहे.

आता सिंहस्थाची कामं जोरात सुरू आहेत, गोदाघाट, रस्ते, सगळं खणून ठेवलंय. तुमच्या दारासमोर खणलं असेल तर कामाच्या बोर्डाचा फोटो आजच काढून ठेवा, कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार आणि मुदत एवढं वाचता येईल असा, कारण काम संपायच्या आधी बोर्ड गायब होतो आणि मग अर्जात लिहायला तपशीलच उरत नाही.